कोरे मेंदू

शालन बंडगर तक्रार घेऊन आली होती, आणि तक्रार अशी होती की तिच्या मुलाला काहीच झालेलं नाही.

डॉ. पद्मजा मगदूम यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मिरजेत विकृतिशास्त्राच्या खोलीत तीसेक वर्षं काढल्यावर माणूस सहसा दचकत नाही. पद्मजाबाईंचे पेशंट बोलत नसत; बोलत ते त्यांचे नातेवाईक. नातेवाइकांबद्दल बाईंचा हिशोब असा होता, की ते आधी रडतात, मग भांडतात आणि शेवटी चहा घेतात. शालनचं रडून-भांडून कित्येक वर्षांपूर्वीच झालं होतं. त्यामुळे ती आली की थेट चहावर येई.

"हिरवं आलं बघा बिरूचं," ती कपात बघत म्हणाली. "परवा कबड्डी लीगवाल्यांनी नाकात काडी घातली, आज सकाळी मोबाइलवर हिरवं. पोरं दारात फटाकं वाजवाय लागल्यात."

"मग चांगलंच झालं की, शालन."

"काय चांगलं? हिरवं म्हंजे खेळणार की वं त्यो."

शालनचा नवरा सर्जेराव बंडगर हा एके काळी जिल्ह्यातला नाव काढलेला चढाईपटू. मध्यरेषा ओलांडून गेला की रिकामा परतत नसे. खेळाच्या जोरावर नोकरी लागली, घर झालं, बिरू झाला. चाळिशीत मात्र सर्जेराव स्वतःच्या गल्लीत चुकायला लागला. मग शेजाऱ्यांवर संशय, मग शालनच्या अंगावर हात. एका सकाळी विहिरीकडे गेला तो माणसांच्या खांद्यावरच परत आला. मेंदू तपासायला ठेवून घ्यायची परवानगी पद्मजाबाईंनी मागितली तेव्हा सगळी भावकी नाही म्हणाली, आणि शालन हो म्हणाली.

महिन्याभरानं बाई स्वतः तिच्या घरी गेल्या होत्या. "हा रोग होता," त्यांनी सांगितलं होतं. "तो त्यांचा स्वभाव नव्हता." हे वाक्य त्या प्रत्येक घरी सांगत. इतक्या घरी सांगून झालं होतं, की सांगताना मनात दुसरीकडे संध्याकाळच्या भाजीचा विचार चालू शके. शालननं मात्र ते पुन्हा सांगायला लावलं होतं. दोनदा.

पण त्याआधी दहावा झाला होता, आणि दहाव्याला कावळा शिवत नव्हता. "डोस्कं बरणीत ठिवलंय, कसा शिवंल?" असं माणसं शालनला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजत होती. शेवटी दीर पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, बिरूला तुझ्यापरास मोठा खेळाडू करतो." लगेच कावळा शिवला. शालनच्या मते कावळ्याला भूक तेव्हा लागली होती, इतकंच. पण शब्द दिला गेला होता, आणि तो अख्ख्या गावानं ऐकला होता.

"यंत्रानं लाल म्हटलं असतं तर कावळ्याला सांगता आलं असतं," शालन म्हणाली. "माझ्या न्हाय म्हणण्याला कोण इचारतंय? यंत्राला इचारत्यात. तवा तुमी एवढं करा डाक्टरबाई. लाल करून द्या."

*

कबड्डीत डोकं फुटलं की ते सगळ्यांना दिसतं. पद्मजाबाईंचा जन्म गेला तो न फुटलेल्या डोक्यांत. चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो, साखळीतले चौघे अंगावर येतात, कुणाचा गुडघा कानशिलावर बसतो, कुणाची टाच. खेळाडू उठतो, डोकं झटकतो, मांडीवर थाप मारतो. काही झालेलं नसतं. अशा काही न झालेल्या हजारो पकडी एका डोक्यात जमा होतात. दर वेळी मेंदू कवटीत खरवसासारखा थरथरतो, आणि त्याच्या घड्यांच्या तळाशी, जिथं ताण सर्वांत जास्त, तिथं बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन बिघडायला लागतं. एरवी हे प्रथिन पेशींना आतून आधार देतं, छत्रीच्या काड्या कापडाला देतात तसा. बिघडलं की त्याचा गुंतवळ होतो. त्याची वाईट खोड पुढेच आहे: बिघडलेला टाऊ शेजारच्या चांगल्या टाऊला बिघडवतो. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं, तसं. खेळ सुटतो, विरजण सुटत नाही. ते दहा वर्षं, वीस वर्षं आपलं काम करत राहतं.

हे सगळं पूर्वी माणूस मेल्यावरच कळे. मेंदूचे पातळ काप, त्यांना रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली घड्यांच्या तळाशी तपकिरी डाग. पद्मजाबाईंनी अशा डागांवर हयात काढली. त्यांना एक जादा सवय होती: मेंदूबरोबर नाकाच्या छतातला नखाएवढा तुकडाही काढून गोठवून ठेवायचा. वास घेणाऱ्या पेशी तिथं असतात आणि त्यांचे धागे थेट मेंदूत जातात. कधीतरी उपयोग होईल, असं त्या म्हणत. सहकारी हसत. हसणाऱ्यांत तन्मय सोवनी नावाचा त्यांचा विद्यार्थीही होता. पुढे त्यानंच त्या तुकड्यांवर यंत्र बांधलं.

यंत्राची कल्पना साधी. मेंदूत विरजण असेल तर त्याचा कण नाकाच्या छताशी उतरलेला असतोच. काडीनं तो घ्यायचा, नळीतल्या शुद्ध टाऊत सोडायचा, नळी हलवत ठेवायची आणि दही लागायला किती वेळ जातो ते बघायचं. गुठळी धरली की नळी उजळते. लवकर उजळली तर लाल, उशिरा उजळली तर हिरवं. जिवंत माणसाच्या डोक्यातलं पहिल्यांदाच कळायला लागलं. लीगनं चाचणी सक्तीची केली. मैदानावरची पोरं एकमेकांना "दही लागलं का रे?" असं विचारायला लागली.

लवकर म्हणजे किती, हे मात्र यंत्राला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यासाठी खेळाडूंच्या मेंदूंसमोर ठेवायला न खेळलेल्यांचे मेंदू लागत. खात्यात त्यांना कोरे मेंदू म्हणत. रुग्णालयात दगावलेल्या पुरुषांच्या घरच्यांना बाई स्वतः विचारत: खेळत होते का? नाही म्हटलं की मेंदू कोरा. त्या कोऱ्यांच्या नळ्या कधी उजळतात ते पाहून तन्मयनं एक रेषा ठरवली आणि गुरुदक्षिणा म्हणून तिला मगदूम रेषा असं नाव दिलं. आता त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आपण पडतो, यावर गावोगावच्या पोरांची लग्नं ठरत होती.

*

"खोटं लाल करता येत नाही, शालन," पद्मजाबाई म्हणाल्या. "आज तुझ्यासाठी केलं, तर उद्या कुणासाठी तरी खोटं हिरवं करावं लागेल."

"ते करता येतं का?"

"काय?"

"खोटं हिरवं."

"नाही."

"बरं," शालन म्हणाली आणि कप खाली ठेवला. "मग खरंच असंल हिरवं. तुमची रेषा हाय, मी कोण बोलणार?" पिशवी उचलून ती निघून गेली. बाईंना वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

बाईंना निवृत्तीला काही महिने उरले होते. त्यांना मनापासून कंटाळा आला होता. मेंदूंचा नव्हे, मेंदू बिचारे गप्प असतात. कंटाळा आला होता तो सत्कारांचा, शालींचा, आणि 'कबड्डीची आई' असं स्वतःला म्हणवून घेण्याचा. घरी वरच्या खोलीत शालींचा ढीग झाला होता. खालची खोली तीन वर्षं बंद होती. ती सुकुमारांची.

सुकुमार मगदूम, त्यांचे यजमान, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर हा माणूस बदलला, किंवा बाईंच्या मते, नोकरीत झाकून ठेवलेला खरा माणूस बाहेर आला. दुधाची पिशवी कुणी फोडली म्हणून तासभर तपास चाले. सोसायटीच्या वॉचमनवर ते धावून गेले. भाजीत मीठ कमी म्हणून एकदा ताट भिंतीवर गेलं, आणि मग स्वतःच ताटाकडे बघून रडले. बाईंनी आपलं अंथरूण वर नेलं. चार वर्षं दोघं एका घरात दोन मजल्यांवर राहिले आणि जिन्यात भेटले. एका चांगल्या दिवशी मात्र सुकुमार म्हणाले होते, "तुला कोरे हवे असतात ना? माझा घे. खेळाडू तर मी नव्हतोच." मग हृदयविकारानं गेले. मेंदू सहकाऱ्यानं काढला, त्यावर क्रमांक पडला, आणि खेळत होते का या प्रश्नाला घरच्यांच्या वतीनं पद्मजाबाईंनीच उत्तर दिलं: नाही.

*

रविवारी नांद्र्याहून आप्पा आले. भूपाल मगदूम, सुकुमारांचे थोरले भाऊ, ऐंशीच्या घरातले. आता विनाचालक एसटी त्यांना दारात सोडे. ड्रायव्हर गेला होता, कंडक्टर मात्र महामंडळानं ठेवला होता. भांडायला कुणीतरी माणूस लागतोच, असं आप्पांचं म्हणणं. कृष्णाकाठची वांगी त्यांनी ओट्यावर ओतली आणि खुर्चीत बसले.

"पद्मजा, सुकुमारचा एखादा जुना फोटो असंल तर दे. तालमीची नवी इमारत झालीया. भिंतीवर जुन्या पोरांचे लावणार हायेत."

"यांचा कशाला, आप्पा? हे कुठं खेळाडू होते?"

"खेळाडू न्हवताच त्यो. खेळाडू म्हंजे जिल्ह्याला गेल्यालं. ह्यो आपला संध्याकाळी पटांगणात असायचा."

"किती दिवस?"

"दिवस?" आप्पा हसले. "कळायला लागल्यापासनं बँकेत लागंपतुर. कबड्डी न्हायतर तालमीची माती. दुसरं करायचं काय तवा? एकदा डोस्क्यावर पडला तर रातभर मला आई म्हणून हाका मारत हुता. सकाळी परत पटांगणात."

पद्मजाबाई वांगी धूत होत्या. नळ चालू राहिला.

"आणि बाकीचे? तुमच्या वयाचे, गावातले?"

"कोण न्हवतं ते इचार. मास्तराचा एक लंगडा पोरगा हुता. त्यो फळकुटावर गुण लिवायचा."

यात बाईंना ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं. पटांगणाच्या गोष्टी सुकुमारांनी लग्नानंतर शंभरदा सांगितल्या होत्या, आणि बाईंनी त्या शंभरदा ऐकल्यासारखं केलं होतं. त्याच खोलीत बसून कुणी विचारलं असतं, तुमचे मिस्टर खेळायचे का, तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. या भागात खेळणं म्हणजे संघ, बनियनवर आकडा, पेपरात फोटो. रोज संध्याकाळी पटांगणात धडकणं म्हणजे खेळणं नव्हे. ते दात घासण्यासारखं. कोण सांगेल, की आमचे हे दात घासायचे?

म्हणजे त्यांनी विचारलेल्या प्रत्येक घरानं खरं सांगितलं होतं. आणि एकही मेंदू कोरा नव्हता.

"नळ बंद कर गं," आप्पा म्हणाले. "पाणी वाया चाललंय."

*

पुढच्या आठवड्यात बाईंनी कोऱ्या मेंदूंच्या घरी फोन लावले. या वेळी प्रश्न बदलला. खेळत होते का, हे विचारलंच नाही. "लहानपणी संध्याकाळी कुठं असायचे?" एवढंच विचारलं.

माणसं खुलली. एक म्हातारी बहीण म्हणाली, "कुठं असणार? मैदानात. दिवेलागणीला कान धरून आणायला लागायचं." एका मुलानं सांगितलं, बाबांचे कानच मोडलेले होते मातीत, टोपी बसायची नाही. एक विधवा खूप वेळ हसत राहिली, कारण तिनं नवरा पहिल्यांदा पाहिला तो चिखलात चौघांच्या खाली. "पण खेळाडू न्हवते हां," ती घाईनं म्हणाली. "तुमी मागं इचारलं हुतं तवा सांगितलंया मी."

संशय म्हणजे पुरावा नव्हे. खरा कोरा मेंदू आणायचा कुठून, या विचारात बाई दोन दिवस राहिल्या, आणि मग गोठवणपेटीच्या तळच्या कप्प्यातून बायकांचे तुकडे काढले. ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवले होते आणि कधी वापरले नव्हते. खेळाडू पुरुष, तेव्हा तुलनाही पुरुषांशी करायची, असा नियम. तो कुणी केला, असं विचारलं असतं तर त्यांनाच हात वर करावा लागला असता.

नळ्या यंत्रात लावल्या. मगदूम रेषेची वेळ आली आणि गेली. दुपार कलली तरी बायकांच्या नळ्यांत दूध ते दूधच राहिलं. फक्त दोन नळ्या लवकर उजळल्या, अगदी मोठ्या चढाईपटूच्या उजळाव्यात तशा. त्या दोघी कबड्डी खेळत नव्हत्या. त्या संध्याकाळी कुठं असायच्या, हे बाईंनी कुणालाही विचारलं नाही. त्या घरीच असायच्या, कुणाच्या तरी हाताच्या टप्प्यात.

नव्या हिशोबानं रेषा बरीच सरकत होती. जुन्या आणि नव्या रेषेच्या मधे जे सापडले, ते आजवर हिरवे होते. त्यात बी. एस. बंडगर हे नाव होतं.

तन्मयनं पडद्यावर सगळं नीट पाहिलं. पोरगा हुशार; त्याला समजायला वेळ लागला नाही, उत्तर द्यायला लागला.

"मॅडम, सीझन ऐन रंगात आलाय."

"विरजणाला सीझन कळत नाही, तन्मय."

"रेषा सरकवली तर जवळजवळ अर्धी लीग लाल होते. लोक म्हणतील, मगदूम रेषा चुकली. तुमची अख्खी कारकीर्द..."

"चुकलीच आहे. कारकिर्दीचं काय ते मी बघते."

"वाईट वाटून घेऊ नका, पण ती बंडगर फॅमिली तुमच्याकडे येते हे सगळ्यांना माहितीय. बाई मायेपोटी करतायत, असंही म्हणतील." त्याचा आवाज फार मऊ झाला होता. म्हाताऱ्या आईच्या हातून मुलं गाडीची किल्ली काढून घेतात, तेव्हा होतो तसा. "आपण समिती नेमू. तोपर्यंत जुनी रेषा चालू दे."

"समिती नेम. मी रेषांच्या मधल्या प्रत्येक पोराला स्वतः कळवणार आहे."

"तो तुमचा अधिकार आहे, मॅडम."

अधिकार शब्द माणसं केव्हा काढतात, ते बाईंना पाठ होतं. मदत करायची नसेल तेव्हा.

*

बिरू तिसऱ्या दिवशी दुपारी आला. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, बापाचेच खांदे. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आईनं सांगितलं म्हणून केलंत ना हे?"

"तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

"मग पंधरा दिवसांत हिरव्याचं लाल कसं झालं? डोकं तेच आहे माझं."

"डोकं तेच आहे. माझी रेषा चुकली होती."

असं डॉक्टर म्हणत नाहीत, हे बिरूला माहीत असावं. त्याचा आवाज जरा उतरला. "मॅडम, रविवारी उपांत्य सामना आहे. लीग म्हणते जुनी रेषा चालू आहे. खेळता येतं मला."

"येतं. मी अडवू शकत नाही."

"काका म्हणतात, बाईंचं वय झालंय."

"तेही खरं आहे. तू आलाच आहेस तर एक काम कर. इकडं बस आणि यात डोळा लाव."

टेबलावर दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता, शिकाऊ डॉक्टरांसाठीचा. समोर काचपट्ट्यांची एक पेटी उघडी होती. ती काढून दोन दिवस झाले होते. बाईंनी रोज ती पुसली होती आणि एकही पट्टी लावली नव्हती. आता बिरूला दाखवायचं निमित्त झालं. माणसाला स्वतःच्या कामासाठीही दुसऱ्याचं निमित्त लागतं.

त्यांनी पट्टी सरकवली, भिंग फिरवलं. फिकट निळं मैदान दिसायला लागलं. एक घडी, तिचा उतार, उतारावरून खाली. घडीच्या तळाशी रक्तवाहिनीचं गोल तोंड, आणि त्याच्या भोवती गर्दी करून बसलेले तपकिरी डाग. दुसऱ्या घडीत तेच. तिसऱ्या घडीत जास्त. सहकाऱ्याच्या अहवालात या पट्टीबद्दल 'थोडे डाग, वयानुसार' असं होतं, आणि त्याखाली, क्रमांक कुणाचा हे न बघता, बाईंनी सही केली होती.

"हे बाबांचं आहे?" बिरूनं डोळा न काढता विचारलं.

"नाही. माझ्या यजमानांचं."

"कुठल्या संघात होते?"

"कुठल्याच नाही. बँकेत होते. लहानपणी संध्याकाळी पटांगणात असायचे, एवढंच."

"एवढ्यानं?"

"तू मॅटवर किती वर्षं आहेस?"

भिंगाचं चाक त्यानं स्वतःच जरासं फिरवलं. डाग धूसर झाले, पुन्हा स्पष्ट झाले. मग त्यानं विचारलं, "चिडायचे का?"

"हो."

"ताट फेकायचे?"

"एकदा." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "फेकलं, आणि मग ताटाकडे बघून रडले. मी वरच्या खोलीत निघून गेले. मला वाटलं, आता यांचं खरं रूप दिसतंय. चार वर्षं मी वरच राहिले."

बिरू उठला. त्याला खोलीत कुठं उभं राहावं ते कळेना. खिडकीपाशी गेला, परत आला. बापानं ताट फेकलेलं घर त्याला माहीत होतं. त्या घरात नंतर एक बाई आल्या होत्या आणि आईला काहीतरी सांगून गेल्या होत्या, तेही माहीत होतं. आई ते वाक्य पुढं कित्येक वर्षं, भाकरी थापताना, कुणी विचारलेलं नसताना म्हणायची.

"मग तो त्यांचा स्वभाव नव्हता, मॅडम," तो म्हणाला.

पद्मजाबाईंनी मान हलवली. वाक्य त्यांचंच होतं, शब्दही तेच. घरोघरी वाटून झालं होतं आणि स्वतःच्या घरी द्यायचं राहून गेलं होतं.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

त्यानं पुन्हा म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. मग बिरूनं खिशातून मोबाइल काढला, बघितला, आणि पुन्हा आत घातला. "आई म्हणालीय, कावळ्याचं ती बघून घेईल."

"बघेल. तुझी आई कुणाचंही बघून घेईल."

"पण मॅडम," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच आपल्या वयाएवढा दिसला, "मग संध्याकाळी करायचं काय माणसानं?"

सगळ्या घरी विचारलेला तो प्रश्न आता उलटून त्यांच्यापाशी आला होता. विरजणाचं त्यांना सगळं माहीत होतं, संध्याकाळचं काहीच माहीत नव्हतं. पोरांच्या हातून पटांगण काढून घ्यायचं, तर त्या जागी काय ठेवायचं, यावर कुणी यंत्र काढलं नव्हतं. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "आजच्यापुरतं सांगते. ते स्टूल घे आणि ही पेटी वर ठेव. माझा हात पोचत नाही."

कपाटात दोन फळ्या होत्या. खालची कोऱ्यांची, पेटी तिथली होती. बिरूनं ती उचलली आणि रिकामी जागा दिसली म्हणून खालीच ठेवायला वाकला.

"तिथं नको," बाई म्हणाल्या. "वर. खेळाडूंच्यात."

तो स्टुलावर चढला. वरच्या फळीवर दाटी होती. त्यानं दोन पेट्या हळूच बाजूला सारून जागा केली, आणि त्यातल्या एका पेटीवरचं नाव वाचून तिच्यावर हात थोडा जास्त वेळ ठेवला. मग सुकुमार मगदूमांची पेटी तिच्या शेजारी सरकवली.

"बसली का नीट?" बाईंनी खालून विचारलं.

"बसली," बिरू म्हणाला. "बाबांच्या शेजारीच."